जुन्या कागदांचं लिप्यंतर: एआयकडे काय सोपवावं, स्वयंसेवकांकडे काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका छोट्या संस्थेकडे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली पत्रं आणि जमाखर्चाच्या वह्या आहेत. हजारो पानं, काही इंग्रजी हस्ताक्षरात, बरीचशी मोडीत. स्कॅनिंग झालं आहे. आता एआय हस्ताक्षर वाचू लागलं आहे, तर स्वयंसेवक जमवायची गरज उरली आहे का? आणि दोन्ही वापरायचे तर काम वाटायचं कसं?

स्वयंसेवकांची गरज उरली आहे आणि माझ्या मते पूर्वीपेक्षा वाढली आहे. त्यांच्याकडून करून घ्यायचं काम मात्र बदललं आहे. पूर्वी कागद समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवणं हेच काम होतं. आता यंत्र मिनिटभरात कच्चा मजकूर पुढे ठेवतं आणि माणसाला तो तपासायचा असतो. हे काम हलकं वाटतं, पण तसं नाही. का नाही, हे कळायला यंत्र चुकतं कसं ते आधी पाहू. सगळी वाटणी त्यावरच ठरते.

हस्ताक्षर वाचणारी साधनं ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार ओळीगणिक वाचणाऱ्या प्रणालींचा. ट्रान्सक्रिबस ही त्यातली सर्वात परिचित. क्रेकन आणि त्यावर उभं असलेलं ईस्क्रिप्टोरियम हे मुक्त स्रोत पर्याय आहेत, ते स्वतःच्या संगणकावरही चालवता येतात. यांना एखाद्या हस्ताक्षराचे नमुने देऊन शिकवावं लागतं. दुसरा प्रकार म्हणजे चित्र पाहू शकणारी मोठी भाषिक मॉडेलं. त्यांना पान दाखवलं की ती थेट मजकूर देतात.

पहिल्या प्रकारची चूक डोळ्यात खुपते. वाचता आलं नाही की अर्थहीन अक्षरं उमटतात आणि तपासणारा तिथे थांबतोच. दुसऱ्या प्रकारची चूक दिसतच नाही, कारण तिथे काय असायला हवं होतं हे मॉडेलला ठाऊक असतं आणि ते तेच लिहून देतं.

समजा एका पत्राचा खालचा कोपरा फाटलेला आहे. शेवटच्या ओळीतलं ‘बहुत काय’ एवढंच शिल्लक आहे. मॉडेल पुढे ‘लिहिणे’ घालतं आणि वर ‘हे विज्ञापना’ही जोडतं. मराठी पत्रं शेकड्यांनी तशीच संपतात, त्यामुळे तपासणाऱ्यालाही ते खटकत नाही. पण त्या कागदावर ते शब्द आज नाहीत. हुकमाच्या खाली ‘मोर्तब सुद’ असायचं म्हणून ते घातलं गेलं, तर मामला आणखी गंभीर होतो. मोर्तब म्हणजे त्या कागदावर शिक्का झाल्याची खूण. मसुदा आणि रवाना झालेला हुकूम यांतला फरकच त्या दोन शब्दांनी पुसला जातो.

इंग्रजी कागदांतही हेच घडतं. कारकुनाने आखडून लिहिलेला शब्द पूर्ण होऊन येतो, गावाच्या नावाचं जुनं स्पेलिंग आजच्यासारखं होतं, लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत असतील तर एक ओळ गुपचूप गळते. यातलं काहीच पडद्यावर लाल रंगात दिसत नाही. ‘स्पेलिंग सुधारू नकोस, वाचता न आलेल्या जागी खूण कर, ओळ जशी आहे तशी ठेव’ अशा सूचना मॉडेलला जरूर द्याव्यात. त्यांनी फरक पडतो, पण त्या पूर्णपणे पाळल्या जातील असं धरून चालू नये.

आता माणसाची बाजू. यंत्राचा मजकूर आधी वाचून मग कागदाकडे वळलेल्या माणसाला कागदावर यंत्राचाच मजकूर दिसू लागतो. चांगले, अनुभवी वाचकही याला अपवाद नाहीत. हस्ताक्षर संदिग्ध असतं आणि डोळा आधार शोधतच असतो. म्हणून माझा एक नियम आहे आणि त्यावर मी तडजोड करत नाही: कामाचा एक भाग स्वयंसेवकांनी यंत्राचा मजकूर न पाहता वाचायचा. किती भाग, ते तुमच्या माणसांवर ठरवा, पण तो शून्य नको. यंत्र नेमकं किती आणि कुठे चुकतं हे कळायला दुसरा मार्ग नाही. आणि आधी उत्तर दिसत राहिलं तर नव्या वाचकाचं वाचन पिकत नाही, हेही तितकंच खरं.

जगभरच्या प्रकल्पांत या वाटणीचे वेगवेगळे प्रकार दिसतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१० मध्ये तत्त्वचिंतक जेरेमी बेन्थम यांची हस्तलिखितं लोकांकडून उतरवून घ्यायला सुरुवात केली. ते काम माणसांचं होतं आणि संपादकांनी तपासलेलं होतं. पुढे त्याच लिप्यंतरांवर हस्ताक्षर-वाचनाची मॉडेलं शिकवली गेली. म्हणजे माणूस आधी, यंत्र नंतर. अमेरिकेत क्रम उलटा लागला. १९५० च्या जनगणनेची पानं १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली, तेव्हा राष्ट्रीय अभिलेखागाराने नावांची सूची हस्ताक्षर वाचणाऱ्या यंत्राकडून आधीच करून घेतली होती. ती दुरुस्त करायची सोय मग लोकांना दिली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या छापील वर्तमानपत्रांसाठी हाच मार्ग २००८ मध्येच धरला होता.

दोन्ही क्रम बरोबर आहेत, कारण हेतू वेगळे होते. जनगणनेत आजोबांचं नाव शोधून पानापर्यंत पोचता आलं की काम झालं; पुढे माणूस चित्र स्वतः पाहतो. बेन्थमच्या लेखनाची तर संपादित आवृत्ती काढायची होती, तिथे शब्द न् शब्द जबाबदारीने वाचणं भाग होतं. तेव्हा तुमच्या संस्थेने पहिली बैठक साधनाच्या निवडीवर घालवू नये. लिप्यंतर कशासाठी हवं आहे, ते आधी ठरवा. नुसत्या शोधासाठी कच्चं वाचन चालेल, तसं सांगून ठेवलं की झालं. अभ्यासकांना उद्धृत करण्याजोगा मजकूर हवा असेल तर माणसाची तपासणी लागेल. आणि जमिनीचा हक्क, वतन, वारसा किंवा जातीची नोंद यासाठी कुणी तो कागद पुढे करणार असेल, तर यंत्राचं वाचन तिथे अजिबात देऊ नका. त्या कामाला मूळ कागद आणि जाणकार वाचक यांना पर्याय नाही.

अचूकतेच्या आकड्यांविषयी थोडं सावध करतो. साधनं विकणारे अक्षर-चुकीचा दर सांगतात, म्हणजे शंभर अक्षरांमागे किती चुकली. चार टक्के ऐकायला उत्तम वाटतं. पण दीड हजार अक्षरांच्या पानात त्या साठ चुका झाल्या. त्या वेलांटी-उकारांत असतील तर मजकूर तरीही वाचता येतो. त्याच नावांत, तारखांत आणि रकमांत असतील तर पान निरुपयोगी. म्हणून नावं, तारखा आणि आकडे यांच्या चुका वेगळ्या मोजा. मोजणीसाठी पानं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडा. सुवाच्य पानं निवडायचा मोह टाळा. आणखी एक अट: ही पानं आधी कुठे छापून आलेली नसावीत. छापील मजकूर भाषिक मॉडेलच्या शिक्षणात येऊन गेलेला असू शकतो. तसं असेल तर तुम्ही त्याचं वाचन मोजत नसून पाठांतर मोजत असता.

आता मोडीकडे येतो, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. इंग्रजी हस्ताक्षरासाठी तयार मॉडेलं भरपूर आहेत. युरोप-अमेरिकेतल्या अभिलेखागारांचं प्रचंड काम त्यांच्या मागे उभं आहे. मोडीला ती पुंजी नाही. संगणकावर अक्षरं साठवण्याच्या युनिकोड या जागतिक मानकात मोडीला स्वतंत्र जागा मिळाली तीच २०१४ मध्ये. त्यात लिपीचा स्वभाव यंत्राला अनुकूल नाही. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत जायचं, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. त्यातून पेशवेकालीन बोरूचं वळण वेगळं आणि आंग्लकाळातलं घाईचं वळण वेगळं. एकावर शिकवलेलं मॉडेल दुसऱ्यावर अडखळतं.

यातून एक निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. मोडी वाचून देवनागरीत उतरवताना शब्द तोडणारा वाचक अर्थ लावत असतो. कागदावर तो तोड नाही. चार स्वयंसेवक चार जागी तोडतील तर मॉडेल गोंधळतं. मग एक तर शिकवण्याच्या मजकुरातून सगळ्या मोकळ्या जागा काढून टाका आणि शब्द नंतर वेगळ्या टप्प्यात तोडा, किंवा तोडण्याचे नियम लिहून काढा आणि सर्वांनी तेच पाळा. मला पहिला मार्ग अधिक स्वच्छ वाटतो. वेलांटी-उकारांचंही तसंच: यंत्राला शिकवण्याच्या मजकुरात एकच रूप ठेवा, शुद्धलेखन वाचकांसाठीच्या प्रतीत करा.

संक्षेप हा मोडीतला सर्वात निसरडा भाग. ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, ‘प्रा॥’ म्हणजे प्रांत. इथल्या दोन उभ्या रेघा शब्द आखडल्याची खूण आहेत. पण त्याच दोन रेघा जमाखर्चात आकड्यापुढे आल्या की अर्धा दाखवतात; ५॥ म्हणजे साडेपाच. एक रेघ पाव, तीन रेघा पाऊण. यंत्राला हा फरक आपोआप कळत नाही. कधी ते रेघा गाळतं, कधी त्यांना दंड समजून वाक्य संपवतं, कधी अकरा करून टाकतं. स्वयंसेवकांना स्पष्ट सांगा की संक्षेप दिसतो तसाच लिहायचा आणि त्याचा विस्तार हवा असेल तर वेगळ्या खुणेत द्यायचा. वह्यांना सुदैवाने स्वतःची कसोटी असते: पानावरच्या रकमांची बेरीज करून कारकुनाने लिहिलेल्या एकूण रकमेशी ताडून पाहा. जमली नाही तर वाचन चुकलं की कारकून चुकला, ते कागद पाहून ठरवा. बेरीज जमावी म्हणून आकडा बदलायचा नाही. भाषिक मॉडेल मात्र ते बिनदिक्कत करू शकतं, त्यामुळे बेरीज करायला त्याला सांगू नका, साधं गणिती सूत्र लावा.

तारखांचं तसंच. जुन्या मराठी कागदांत सुहूर सन ही कालगणना येते आणि तिची वर्षं अरबी संख्याशब्दांत लिहिलेली असतात. ‘सबा खमसैन मया व अलफ’ म्हणजे सात, पन्नास, शंभर आणि हजार, एकूण ११५७. त्यात ५९९ मिळवले की इसवी १७५६ येतं आणि ते वर्ष १७५७ चं मृग नक्षत्र लागेपर्यंत चालतं. ‘सबा’च्या जागी ‘समान’ वाचलं की एक वर्ष पुढे गेलात. ‘तिसा’ आणि ‘तिसैन’ यांत गोंधळ झाला तर नऊ आणि नव्वद यांचा. यंत्राला थेट इसवी तारीख विचारलीत तर ते आत्मविश्वासाने देईल आणि चूक वाचनात झाली की रूपांतरात, हे कधीच कळणार नाही. आधी कागदावरचे शब्द, मग सन, मग रूपांतर, अशा तीन रकान्यांत ते ठेवा. वार दिला असेल तर तो जुळतो का पाहा. तारखेची त्याहून चांगली तपासणी मला माहीत नाही.

मोडी मॉडेल शिकवायचंच ठरलं तर घाबरू नका. ट्रान्सक्रिबसच्या मार्गदर्शनात हस्तलिखितांसाठी साधारण पाच ते पंधरा हजार शब्दांचा अचूक नमुना सुरुवातीला पुरेसा धरला जातो. जाणकार मोडी वाचक चार-पाच असले तरी हे आवाक्यातलं काम आहे. एकाच कारकुनाच्या किंवा एकाच दप्तराच्या वळणापासून सुरुवात करा. छापील साधनांचा उपयोग होईल का, असं लगेच विचारलं जातं. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले आणि त्यांचं मोल वादातीत आहे. पण तो मजकूर वाचकासाठी सिद्ध केलेला आहे, शब्द तोडून, विरामचिन्हं घालून. मूळ कागदाच्या ओळीशी ओळ जुळवल्याशिवाय तो यंत्राला शिकवायला वापरू नये. शब्दार्थ, नावं आणि रूढ मायने ताडून पाहायला मात्र ते खंड हाताशी हवेतच.

मोडी वाचणारी माणसं मोजकी असतात, त्यांचा वेळ जपा. सुवाच्य पानांवर यंत्राच्या किरकोळ चुका दुरुस्त करायला त्यांना बसवणं ही उधळपट्टी आहे. त्यांनी नमुना-मजकूर तयार करावा आणि वादाचे शब्द सोडवावेत. मोडी न येणाऱ्यांनाही भरपूर काम आहे: यंत्राने ओळी नीट तोडल्या आहेत का पाहणं, समास आणि पाठीमागची नोंद सुटली नाही ना हे बघणं, पानांचा क्रम लावणं, बेरजा आणि तारखांची रूपांतरं तपासणं, गावांची नावं नकाशाशी ताडणं. यातून काहींना मोडी शिकावीशी वाटते आणि पुढचे वाचक असेच मिळतात.

एक पान किती जणांनी वाचावं? ‘ओल्ड वेदर’ प्रकल्पात पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश युद्धनौकांच्या नोंदवह्या लोकांनी उतरवल्या, हवामानाच्या अभ्यासासाठी. तिथे एकेक पान तिघांकडे जायचं आणि वाचनं ताडून आकडा ठरायचा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१८ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात एक जण उतरवतो आणि दुसरा तपासतो. तुमच्याकडे आकड्यांची पानं आणि पत्रं दोन्ही आहेत, तेव्हा दोन्ही पद्धती मिसळा. रकमा, तारखा, नावं दोघांनी स्वतंत्रपणे वाचावीत. बाकी मजकुराला एक वाचन आणि एक तपासणी पुरे. यंत्राला दोघांपैकी एक वाचक धरायला हरकत नाही, पण दोन भाषिक मॉडेलांची वाचनं जुळली म्हणून पान पक्कं समजू नका. दोघांच्या सवयी सारख्या असतात आणि फाटक्या कोपऱ्यात दोघं तोच मायना भरतील. जोडी लावायचीच तर ओळीगणिक वाचणारी प्रणाली आणि भाषिक मॉडेल अशी लावा. जिथे ती दोघं भांडतात, नेमकी तीच जागा माणसाने पाहायची असते.

स्वयंसेवकांसाठी नियम एका पानात बसवा: न वाचलेल्या जागेची खूण, शंका असलेल्या शब्दाची खूण, खोडलेल्या आणि ओळीवर लिहिलेल्या शब्दांची खूण. ‘वाचता येत नाही’ हे सन्मानाचं उत्तर आहे, असं पहिल्याच दिवशी सांगा आणि तसं वागा. ज्या गटात रिकामी जागा ठेवायला संकोच वाटतो, तिथे माणसंही अंदाजाने शब्द भरू लागतात. शक्यतो सुटी ओळ देऊ नका, पूर्ण पत्र द्या. पत्रात काय चाललं आहे हे समजलं की वाचन सुधारतं आणि माणूस टिकतो. कामाखाली ज्याचं त्याचं नाव लागलं पाहिजे, अर्थात त्याची तयारी असेल तर.

साठवणीत थर वेगळे ठेवा. मूळ चित्र, यंत्राचं वाचन, माणसाचं वाचन, तपासलेला पाठ, आणि सर्वांत शेवटी वाचकांसाठी सोपी केलेली प्रत. कोणताही थर दुसऱ्यावर चढवून पुसू नका. यंत्राच्या वाचनासोबत मॉडेलचं नाव, आवृत्ती, तारीख आणि दिलेली सूचना नोंदवा. उद्या चांगलं मॉडेल आलं की कोणती पानं पुन्हा वाचायची ते त्यावरूनच कळेल. वाचकाला पडद्यावर दिसायला हवं की हा मजकूर यंत्राने वाचलेला आहे की माणसाने तपासलेला. ही खूण शोधाच्या निकालातही हवी, नाहीतर कच्चा मजकूर कुणाच्या तरी लेखात पुरावा म्हणून छापून येतो आणि मग तो मागे घेता येत नाही.

स्कॅनबद्दल थोडंच. रंगीत, किमान ३००, शक्य तर ४०० पीपीआय (दर इंचातले चित्रबिंदू), पानाच्या चारही कडा दिसतील असं. घडीची सावली आणि पाठीमागून उमटलेली शाई यांनीही यंत्र चुकतं. तशी पानं पुन्हा स्कॅन केलेली बरी.

आणि चित्रं बाहेरच्या सेवेकडे पाठवण्यापूर्वी तिच्या अटी वाचा: ती चित्रं ठेवून घेते का, त्यांवर स्वतःची मॉडेलं शिकवते का. ज्या घराण्यांनी कागद दिले त्यांच्याशी झालेल्या करारात हे बसतं का, तेही पाहा. बसत नसेल तर ईस्क्रिप्टोरियम स्वतःच्या यंत्रावर चालवा. वेग कमी मिळेल, पण कागद घरात राहतील.

सुरुवात शंभर पानांनी करा: निम्मी मोडी, निम्मी इंग्रजी, दोन्हींत पत्रंही आणि वह्याही. ती माणसांनी यंत्र न पाहता वाचावीत, मग यंत्राकडून वाचून घ्यावीत आणि दोन्ही वाचनं शेजारी ठेवून फरकांची यादी करावी. तुमच्या कागदांवर यंत्राला काय जमतं हे त्या यादीतून कळेल आणि स्वयंसेवकांच्या नियमांचं पानही तिच्यावरूनच लिहिता येईल. इंग्रजी पत्रं बहुधा लगेच यंत्राकडे देता येतील. मोडी पत्रांना नमुना-मजकूर तयार होईपर्यंत थांबावं लागेल. मोडी वह्या सध्या माणसांकडेच ठेवा.